घर्षण बहिःसारण आणि ॲल्युमिनियम मिश्रधातूंची सूक्ष्मसंरचना

घर्षण बहिःसारण, अर्थात फ्रिक्शन एक्स्ट्रूजन, ही धातू न वितळवता त्यापासून तार, सळई किंवा नळी तयार करण्याची प्रक्रिया आहे. फिरणारा साचा धातूवर दाबला असता घर्षण व विरूपण यांमुळे उष्णता निर्माण होते, धातू मऊ होतो आणि साच्याच्या छिद्रातून बाहेर पडतो. आकाराबरोबरच ॲल्युमिनियम मिश्रधातूची अंतर्गत रचनाही या क्रियेत नव्याने घडते. कारखान्यांतील धातूचा कीस पुन्हा उपयोगात आणण्याच्या दृष्टीने ही प्रक्रिया महत्त्वाची मानली जाते.

इतिहास

इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत १९९१ साली घर्षण-मंथन जोडकामाचा (फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचा) शोध लागला. त्याच तत्त्वावरील बहिःसारण पद्धतीचे एकस्व संस्थेला १९९३ मध्ये मिळाले. पुढे अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने 'शेप' या नावाने ही पद्धत विकसित केली.

प्रक्रिया

नेहमीच्या बहिःसारणात ॲल्युमिनियमचा ठोकळा सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत आधी तापवतात व स्थिर साच्यातून ढकलतात. सोऱ्यातून शेव पाडावी तसाच हा प्रकार होय. घर्षण बहिःसारणात साचा व धातू एकमेकांच्या सापेक्ष फिरत असल्याने उष्णता संपर्काच्या जागीच उत्पन्न होते. ठोकळा आधी तापवण्याची सहसा गरज राहत नाही. तापमान शुद्ध ॲल्युमिनियमच्या ६६० अंश या वितळबिंदूच्या खाली राहते.

सूक्ष्मसंरचनेवरील परिणाम

धातू असंख्य लहान स्फटिककणांचा बनलेला असतो. ओतीव ठोकळ्यात हे कण मोठे असतात, तर नेहमीच्या बहिःसारणात ते प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात. घर्षण बहिःसारणात दाबाबरोबर पीळही बसतो. तीव्र विरूपण व उष्णता एकाच वेळी मिळाल्याने जुन्या कणांच्या जागी नवे कण तयार होतात. यास गतिक पुनःस्फटिकीकरण म्हणतात. नवे कण बहुधा काही मायक्रोमीटर आकाराचे व सर्व दिशांनी साधारण सारखे असतात. कण जितके बारीक तितका धातू अधिक बळकट, असे हॉल–पेच संबंध सांगतो.

मिश्रधातूतील इतर घटकांवरही परिणाम होतो. ६००० मालिकेतील मॅग्नेशियम व सिलिकॉन यांच्या संयुगाचे कण फुटतात व अंशतः धातूत विरघळतात. बाहेर पडलेला धातू त्वरित थंड केल्यास विरघळलेले घटक तसेच राहतात. नंतर मध्यम तापमानाला ठेवल्यावर ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पुन्हा अवक्षेपित होतात व धातूचे बळ वाढवतात.

भंगारातून आलेले लोह ही पुनर्वापरातील जुनी अडचण आहे. ते ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्याशी संयोग पावून ठिसूळ, पात्यांसारखे कण बनवते आणि तडे तेथूनच सुरू होतात. वितळवून लोह वेगळे करणे कठीण असल्याने त्यात नवे ॲल्युमिनियम मिसळावे लागते. घर्षण बहिःसारणात लोह निघून जात नाही. मात्र ते ठिसूळ कण मोडून सर्वत्र विखुरले जातात व त्यांची हानिकारकता कमी होते.

मर्यादा

साच्याच्या फिरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग यांचा मेळ साधावा लागतो. उष्णता अधिक झाल्यास नवे कण वाढून मोठे होतात व पृष्ठभागास तडे जाऊ शकतात. ती कमी पडल्यास दाब फार लागतो आणि किसाचे तुकडे नीट एकजीव न झाल्याने आत पोकळ्या राहतात. केंद्र व कडा येथील कणांचा आकार भिन्न असू शकतो, म्हणून नमुन्याचा पूर्ण छेद तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या पैठण तालुक्यातील बिडकीन हे शेंद्रा–बिडकीन औद्योगिक क्षेत्राचा, म्हणजेच 'ऑरिक'चा भाग आहे. एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांनी २०२४ मध्ये येथे वाहननिर्मिती प्रकल्प जाहीर केले. वजन कमी ठेवण्यासाठी विजेवरील वाहनांत ॲल्युमिनियमचा वापर वाढला आहे. त्याच्या भागांचे कातकाम करताना बराच कीस निघतो. किसाचे पृष्ठफळ मोठे असल्याने तो वितळवताना काही धातू ऑक्सिडीभवनाने वाया जातो. न वितळवता किसापासून थेट तार किंवा सळई बनवल्यास हे नुकसान टळते. ॲल्युमिनियमविषयक संशोधनासाठी नागपूरजवळील वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र कार्यरत आहे.