अश्लील चित्रण आणि स्त्रीची संमती

मेळघाटातील धारणी तालुक्याचे हरिसाल २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजले. मोबाइल आला तशा अश्लील चित्रफितीही गावोगावी पोचल्या. स्त्रियांचा या चित्रणाशी येणारा संबंध मात्र एकाच प्रकारचा नसतो. कुणी ते कुतूहलाने पाहते, कुणाला किळस येते, कुणाला नवऱ्याच्या आग्रहाखातर पाहावे लागते. आणि कुणी नकळत स्वतःच त्यात दिसते.

हा शेवटचा अनुभव कायद्याला फार उशिरा उमगला. भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ चा सारा रोख वाचकाची नीती बिघडते काय, यावर होता. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा अश्लील नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये दिला, तोही याच कसोटीवर. १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या जळगाव प्रकरणात छायाचित्रांचा धाक दाखवून तरुणींचे शोषण झाल्याचे आरोप होते. बदनामीच्या भीतीने फार थोड्या जणी पुढे आल्या.

संमतीचा प्रश्न २०१३ च्या दुरुस्तीने ऐरणीवर आला. तेव्हाचे कलम ३५४-क म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७७. खासगी क्षण चोरून पाहणे, टिपणे वा पसरविणे हा त्यानुसार गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीस एक ते तीन वर्षे कारावास आहे. स्त्रीने चित्रणाला होकार दिला, पण ते इतरांना दाखविण्यास दिला नाही, तर प्रसार गुन्हाच ठरतो. 'तूच फोटो काढू दिलास ना?' या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर पुष्कळ घरांत ठाऊक नसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६-ई व ६७-ए याला जोडून लागतात. प्रौढ व्यक्तीने प्रौढांचे चित्रण खासगीत पाहणे हा मात्र गुन्हा नाही. मुलांचे चित्रण बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

तक्रारीसाठी घाट उतरून अमरावती गाठण्याची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते आणि अशा गुन्ह्यात पीडितेचे म्हणणे महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावयाचे असते. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते. मात्र संतापाच्या भरात संदेश पुसू नयेत. दुवा, क्रमांक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवावेत.