कौटुंबिक अनुकूलन (मंत्रचळ)

मंत्रचळ (ओसीडी) या मानसिक विकारात रुग्णाची अस्वस्थता टळावी म्हणून कुटुंबीय त्याच्या अनिवार्य कृतींत सहभागी होतात किंवा त्यांना सोयीचे होईल असे स्वतःचे वागणे बदलतात. या वर्तनास कौटुंबिक अनुकूलन म्हणतात. ते मायेपोटी घडत असले तरी त्यामुळे विकार टिकून राहतो. प्रौढ मुलगा किंवा मुलगी आईवडिलांसोबत राहत असल्यास हा प्रश्न अनेक वर्षे चालू राहू शकतो.

स्वरूप

बाहेरून आल्यावर घरातील सर्वांनी स्नान करणे, गॅस व कुलूप रुग्णाच्या वतीने पुन्हा तपासणे, ‘काही वाईट होणार नाही ना?’ या प्रश्नाला वारंवार तेच उत्तर देणे, पाहुण्यांना घरी न बोलावणे ही याची काही उदाहरणे होत. स्वच्छतेशी निगडित लक्षणे काही घरांत सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली दुर्लक्षित राहतात. अनुकूलनाचे मापन करणारी श्रेणी लिसा कॅल्व्होकोरेसी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडली.

परिणाम

दिलासा मिळताच भीती ओसरते. मात्र ती आपोआपही ओसरली असती, हा अनुभव रुग्णाला मिळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी दिलाशाची गरज अधिक तीव्र होते. अधिक अनुकूलनाचा संबंध अधिक तीव्र लक्षणांशी व उपचारांच्या कमी परिणामाशी आढळला आहे. याउलट रागावणे, टोमणे मारणे किंवा कृती बळाने थांबवणे यांनीही ताण वाढतो.

उपचारांतील कुटुंबाचा सहभाग

भीतिदायक प्रसंगाला सामोरे जाऊन अनिवार्य कृती टाळण्याचा सराव हा या विकारावरील प्रमुख मानसोपचार होय. त्याचा पाया व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये घातला. औषधांचा परिणाम दिसण्यास अनेक आठवडे लागू शकतात. अनुकूलन अचानक बंद न करता उपचारकाच्या मार्गदर्शनाखाली, रुग्णाशी आधी बोलून, एकेक कृती निवडून कमी केले जाते. ‘तुला त्रास होतो आहे हे कळते, तो तू सहन करू शकशील, असा विश्वास आहे’ अशा उत्तरात सहानुभूती असते, पण भीतीला दुजोरा नसतो.

रुग्ण उपचार नाकारत असला तरी पालकांना स्वतःचे वर्तन बदलता येते. एली लेबोविट्झ यांनी येल विद्यापीठात विकसित केलेली ‘स्पेस’ ही पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. ती प्रथम मुलांसाठी तयार झाली. पुढे प्रौढ अपत्यांच्या पालकांसाठीही वापरली जाऊ लागली.

भारतातील कायदा व साहाय्य

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार प्रौढ रुग्णास उपचारांविषयी निर्णय घेण्याचा, गोपनीयतेचा आणि नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आहे. केवळ पालक असल्याने त्याच्या वतीने संमती देता येत नाही. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर कुटुंबीयांनाही उपलब्ध आहे. आत्महत्येचे विचार व्यक्त झाल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.