तसबिरीचा कोपरा टिकतो कशावर?
फ्रेम जोडणी यंत्रासाठी सुटे साहित्य निवडताना

बैठकीच्या खोलीतील तसबिरीकडे पाहताना नजर जाते ती आतल्या चित्राकडे. तिचा भार मात्र चार कोपऱ्यांवर, त्यातही विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांवर असतो. दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच तसबिरीला २ मिलिमीटर जाडीची काच बसवली, तर नुसत्या काचेचेच वजन पावणेतीन किलोंच्या घरात जाते. खालचा जोड उकलला की काच निसटते आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांचे, दुसरी प्रत नसलेले छायाचित्रही हातचे जाते.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. देवादिकांची रंगीत चित्रे त्यानंतर सामान्यांच्या घरात पोहोचली आणि ती मढवून देणाऱ्यांच्या व्यवसायालाही चालना मिळाली. परभणी जिल्ह्यात या व्यवसायाला स्थानिक रंग आहे. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, तर पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान म्हणून भाविक मानतात. शाळा व कचेऱ्यांच्या भिंतींवर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा असतात त्या वेगळ्याच.

पूर्वी पट्ट्यांची टोके शिकंजात धरून बाजूने चुका ठोकल्या जात आणि भोके लांबीने बुजवली जात. जोडणी यंत्र हेच काम खालून करते. व्ही आकाराची पोलादी पिन दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी शिरते आणि तिच्या वळलेल्या कडा जोड आत ओढून घेतात. दर्शनी बाजूला ओरखडाही उठत नाही. तथापि यंत्र कितीही चांगले असले, तरी पिन, गोंद आणि दाबपट्टी चुकीची असेल तर कोपरा टिकत नाही. यंत्र एकदाच घेतले जाते, हे साहित्य मात्र वारंवार लागते. त्यामुळे खरी निवड तेथेच करावी लागते.

परभणीच्या हवेत ही निवड अधिक काटेकोर ठरते. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात हवा दमट होते, तर थंडीच्या कडाक्यात तो दहा अंशांच्या खाली उतरतो. लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, रुंदीत मात्र आकुंचन-प्रसरण पावते. म्हणून कोरड्या हवेत जोड आतल्या टोकाशी उघडतो, दमट हवेत बाहेरच्या. पट्टी जितकी रुंद, तितकी ही फट मोठी. पावसाळ्यात ओलसर पट्टी जोडून दिली, तर ऐन वैशाखात गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात उभे राहते.

पिना ३, ५, ७, १०, १२ आणि १५ मिलिमीटर उंचीच्या मिळतात. पट्टीच्या उंचीच्या साधारण निम्म्या उंचीची पिन सुरक्षित मानावी. पट्टीचा माथा कोरीव असल्यास पिन जेथे शिरणार तेथील सर्वात कमी जाडी मोजावी आणि वर निदान ३ मिलिमीटर लाकूड शिल्लक राहील असे पाहावे; नाहीतर सोनेरी मुलाम्यातून पोलादाचे टोक डोकावते. उंच पट्टीत एकाच जागी दोन पिना एकावर एक चढवता येतात.

उंचीइतकाच पिनेचा प्रकारही महत्त्वाचा असतो. सागवानासारख्या कठीण लाकडासाठी वेगळी, मऊ लाकडासाठी वेगळी आणि एमडीएफसाठी आणखी वेगळी पिन येते. मऊ लाकडाची पिन सागवानात वाकते. घाऊक खोका मागवण्यापूर्वी ती आपल्या यंत्रात बसते का, हेही तपासावे. कॅसेसे या फ्रेंच कंपनीच्या यंत्रांना काडतुसासारख्या डबीतील पिना लागतात, तर इतर अनेक यंत्रांना चिकटवून केलेल्या पिनांच्या कांड्या. स्वस्त म्हणून घेतलेला खोका अशा वेळी कपाटातच पडून राहतो.

गोंदाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. लाकडासाठी नेहमीचा पांढरा गोंद उत्तम. तो वाळेपर्यंत जोड धरून ठेवणे हे पिनेचे मुख्य काम. बाजारात सध्या चालणाऱ्या सिंथेटिक पट्ट्यांवर मात्र तो पकड घेत नाही. त्यांना प्लास्टिकचा खास गोंदच लागतो.

वरून पट्टी दाबणारी गादी मुलाम्याच्या पट्टीसाठी मऊ रबराची, साध्या सागवानासाठी कडक असावी. झिजलेली गादी तशीच वापरल्यास दोन्ही पट्ट्या एका पातळीत बसत नाहीत. हवेवर चालणाऱ्या यंत्रासाठी सुमारे ६ बार दाब देणारा छोटा कॉम्प्रेसर पुरतो, पण त्याच्यासोबत दाब-नियंत्रक आणि पाणी गाळणारा फिल्टर हवाच. पावसाळ्यात टाकीतले पाणी रोज काढावे लागते. वीज बेभरवशाची असेल, तर पायाने दाबायचे यंत्र बरे. पिन वर ढकलणारे पाते झिजते. त्याचे एक जादा नग दुकानात ठेवल्यास ऐन जयंतीच्या तोंडावर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागत नाही.

अर्थात, पट्टी ४५ अंशांत नेमकी कापलेली नसेल तर यातले काहीही कामी येत नाही. एका चौकटीत आठ काप असतात. प्रत्येकी अर्ध्या अंशाची चूक झाली तरी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ती चार अंशांची होते. जुन्या कारागिराच्या हाताशी गुण्या असतो, तो याचसाठी. नव्या पिनांचा खोका फोडल्यावर आधी दोन टाकाऊ तुकडे जोडून रात्रभर ठेवावेत आणि सकाळी हाताने उकलून पाहावेत. गोंदाच्या रेषेवर सुटण्याऐवजी लाकडाचे तंतू तुटले, तर तो गोंद आणि ती पिन गिऱ्हाइकाच्या पट्टीला लावण्यास हरकत नाही.