वॉनलेस, सर विल्यम जेम्स
(१ मे १८६५ – ३ मार्च १९३३). मिरज येथील मिशन रुग्णालयाचे संस्थापक, शल्यचिकित्सक व प्रेसबिटेरियन मिशनरी. जन्म कॅनडात. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये ते भारतात आले. रुग्णाची शुश्रूषा हीच ख्रिस्ताची सेवा, या श्रद्धेने त्यांनी दक्षिण महाराष्ट्राला कर्मभूमी मानले. १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू झाले आणि १८९७ मध्ये त्याला वैद्यकीय शाळेची जोड मिळाली. तेथे भारतीय तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्यात आले. त्यामुळे सेवेचे हे काम एका व्यक्तीपुरते उरले नाही. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान आणि क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. सांगली-मिरज दरम्यानच्या वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे. १९२८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. सुमारे चार दशकांच्या सेवेनंतर ते निवृत्त झाले. मिरजेला वैद्यकीय केंद्र म्हणून जो लौकिक लाभला, त्याचा पाया प्रामुख्याने वॉनलेस यांच्या कार्याने घातला. ख्रिस्ती करुणेला संस्थेचे स्थायी रूप देणारे हे महाराष्ट्रातील एक श्रेष्ठ उदाहरण होय.