‘तमस’ : एका दंग्याचा इतिहास

ऐतिहासिक कादंबरी म्हटली, कीं मराठी वाचकाच्या मनापुढें गड, दरबार, घोडदळ आणि रणवाद्यें उभीं राहतात. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’पासून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पर्यंत (१९६२) ह्या परंपरेनें आपल्याला पूर्वजांच्या पराक्रमाची आणि त्यांच्या दुःखांचीहि ओळख करून दिली, तिचें ऋण मोठें आहे. परंतु इतिहास केवळ सिंहासनावर बसणारांचा नसतो. ज्यांचीं नांवें कोणत्याहि बखरींत येत नाहींत, आणि आपण इतिहासाच्या वाटेंत उभे आहों ह्याची ज्यांना जाणीवहि नसते, अशा माणसांवरून काळाचें चाक कसें फिरतें हें सांगणें, हेंहि ऐतिहासिक कादंबरीचेंच काम होय. भीष्म साहनी यांची ‘तमस’ ही हिंदी कादंबरी (१९७३) तें काम करिते. आणि तिच्यावरून गोविंद निहलानी यांनीं तयार केलेली, १९८८ सालीं दूरदर्शनवरून दाखविलेली मालिका तेंच काम अधिक विस्तृत समाजापुढें करिते. ही मालिका मराठी घरांतून अवश्य पाहिली जावी, असें आमचें मत आहे. मात्र ती कशासाठीं पाहावी आणि पाहतांना कोणतें भान ठेवावें, हें सांगितल्यावांचून अशी शिफारस पुरी होत नाहीं.

ज्या घटनांवर हें कथानक उभें आहे, त्या प्रथम थोडक्यांत पाहूं. २० फेब्रुवारी १९४७ रोजीं ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनीं जून १९४८ पर्यंत हिंदुस्थानची सत्ता सोडण्याचा निर्धार जाहीर केला. त्या वेळीं पंजाबांत खिजर हयातखान तिवाना यांचें मंत्रिमंडळ काँग्रेस व अकाली पक्षांच्या साहाय्यानें अधिकारावर होतें, आणि मुस्लिम लीगनें त्याच्याविरुद्ध चळवळ चालविली होती. २ मार्च रोजीं तिवाना यांनीं राजीनामा दिला. नवें मंत्रिमंडळ बनूं शकलें नाहीं, आणि ५ मार्चपासून प्रांताचा कारभार गव्हर्नराच्या हातीं गेला. ह्याच दिवसांत लाहोर, अमृतसर, मुलतान व रावळपिंडी येथें दंगे झाले, आणि रावळपिंडीचा वणवा शहराबाहेर पडून भोंवतालच्या खेड्यांत पसरला. फाळणी अद्याप ठरलेली नव्हती; परंतु ती टळणार नाहीं, असें पुष्कळांस ज्या घटनांमुळें वाटूं लागलें, त्यांत ह्या मार्च महिन्याची गणना करावी लागेल.

साहनी हे मूळचे रावळपिंडीचे. त्यांचा जन्म तेथेंच १९१५ सालीं झाला, आणि हे दंगे त्यांनीं स्वतः पाहिले. तथापि त्यांवर कादंबरी लिहिण्यास त्यांना दोन तपांहून अधिक काळ लागला. मे १९७० मध्यें आपल्या ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी येथें भीषण दंगा झाला. त्यानंतर थोरले बंधु, प्रसिद्ध नट बलराज साहनी, यांच्यासमवेत ते भिवंडीस गेले. जळालेलीं घरें, ओसाड गल्ल्या आणि मागांचा आवाज थांबल्यामुळें पसरलेली ती शांतता पाहून त्यांना रावळपिंडी आठवली, आणि त्या आठवणींतून ‘तमस’चें लेखन सुरू झालें. पंजाबच्या ह्या कादंबरीचें बीज अशा रीतीनें महाराष्ट्राच्या भूमींत अंकुरलें. ही गोष्ट आपल्याला भूषणावह नाहीं. पण विसरण्यासारखीहि नाहीं. १९७५ सालीं ह्या कादंबरीस साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

मालिकेचे कर्ते निहलानी यांचाहि ह्या विषयाशीं जिव्हाळ्याचा संबंध आहे. ते कराचीस १९४० मध्यें जन्मले, आणि फाळणीमुळें त्यांच्या कुटुंबास घरदार सोडून यावें लागलें. मराठी वाङ्मयाशीं त्यांचा परिचय जुना. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ह्या चित्रपटाचें छायालेखन त्यांनींच केलें. ‘आक्रोश’ व ‘अर्धसत्य’ ह्या त्यांच्या चित्रपटांच्या पटकथा विजय तेंडुलकरांनीं लिहिल्या, आणि ‘पार्टी’ हा चित्रपट महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून झाला. समाजांतील हिंसेकडे डोळे न मिटतां पाहण्याची त्यांची जी रीत ह्या चित्रपटांतून तयार झाली, तीच सुमारें पांच तासांच्या ‘तमस’मध्यें परिपक्व स्वरूपांत दिसते.

कथेचा आरंभ एका काळोख्या खोपटांत होतो. नथू हा मेलेल्या जनावरांचीं कातडीं सोलणारा गरीब चांभार. गुरांच्या डॉक्टराला हवें आहे असें सांगून एक वजनदार गृहस्थ त्याला एक डुक्कर मारावयास लावतो, आणि पांच रुपयांची नोट त्याच्या हातीं ठेवतो. रात्रभर झुंजून नथू तें काम उरकतो. सकाळीं त्या डुकराचें कलेवर मशिदीच्या पायऱ्यांवर सांपडतें. मग गाय मारली जाते, आणि पाहतां पाहतां शहर पेटतें. नथूची भूमिका ओम पुरी यांनीं केली आहे. आपल्या हातून काय घडलें हें जसजसें उमगत जातें, तसतशी त्यांच्या चेहऱ्यावर दाटत जाणारी अपराधाची छाया विसरतां येत नाहीं.

ह्या कथेचें खरें सामर्थ्य एका विचारांत आहे. दंगा ‘उसळला’, दंगा ‘भडकला’ असें आपण बोलतों. जणूं तो भूकंपाप्रमाणें पृथ्वीच्या पोटांतून येतो आणि त्यास कोणी कर्ता नसतो. ‘तमस’ ह्या भाषाप्रयोगालाच आव्हान देतें. येथें प्रत्येक पायरीवर एक माणूस उभा आहे, आणि प्रत्येकाला थांबतां आलें असतें. नोट देणारा आहे. अफवा पोहोंचविणारा आहे. गच्चीवर तेल उकळण्याची तयारी करणारे प्रतिष्ठित नागरिक आहेत. हिंसेची दीक्षा म्हणून एका कोवळ्या तरुणाकडून कोंबडी मारवून घेणारा गुरु आहे. आणि त्याच टोळींतील एक पोर मायेनें बोलणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरविक्याच्या पोटांत सुरा खुपसतो. जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी रिचर्ड हा तर विद्वान व रसिक. तक्षशिलेच्या अवशेषांवर तो तासन् तास बोलूं शकतो. पण शहरांतील प्रतिष्ठितांचें शिष्टमंडळ लष्कर आणण्याची विनंति करूं लागतांच त्याची उत्तरें गुळमुळीत होतात. पुढें गांवेंच्या गांवें जळाल्यावर एक विमान आकाशांत घिरट्या घालतें, आणि दंगा थांबतो. जो एका विमानाच्या आवाजानें थांबला, तो आधींच कां थांबविला गेला नाहीं, हा प्रश्न लेखक विचारीत नाहीं. तो वाचकाच्या मनांत आपोआप उभा राहतो.

ह्या काळोखांत माणुसकीहि आहे, पण ती स्वस्त नाहीं. हरनामसिंग हा खेड्यांतील एकटा शीख दुकानदार पत्नी बंतोसह जीव घेऊन पळतो, आणि एका मुसलमानाच्या घराचें दार ठोठावतो. त्या घरची गृहिणी राजो त्यांना आंत घेते. थोड्याच वेळानें तिच्या घरचे लूट घेऊन परततात. त्या लुटींत हरनामसिंगाचीच पेटी असते, आणि ते तिचें कुलूप फोडूं लागतात, तेव्हां तिची किल्ली माळ्यावर लपलेल्या म्हाताऱ्याजवळ असते! आश्रय आणि लूट एकाच उंबरठ्याच्या आंत नांदूं शकतात, हें सत्य ह्या प्रसंगाइतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं सांगितलें असेल. राजोची भूमिका करणाऱ्या सुरेखा सिक्री यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता. हरनामसिंग स्वतः भीष्म साहनींनींच रंगविला आहे. ज्यानें तो काळ पाहिला, त्याचाच चेहरा आपण पडद्यावर पाहतों, ही जाणीव त्या प्रसंगांना वेगळीच गंभीरता आणते.

ह्याच हरनामसिंगाची मुलगी जसबीर दुसऱ्या गांवच्या गुरुद्वारांत अडकलेली असते, आणि शेवटीं इतर स्त्रियांसह विहिरींत उडी घेते. हा प्रसंग कल्पित नाहीं. मार्च १९४७ मध्यें रावळपिंडी जिल्ह्यांतील ठोहा खालसा ह्या गांवीं पुष्कळ शीख स्त्रियांनीं असाच प्राणत्याग केला. आपल्याकडे अशा मरणाचे पोवाडे गाण्याची प्रवृत्ति आहे. मालिका पोवाडा गात नाहीं. त्या स्त्रियांचे चेहरे आणि त्यांच्या कडेवरचीं मुलें ती आपल्याला दाखविते, आणि त्यांना दुसरा मार्ग कोणीं उरूं दिला नाहीं, हा प्रश्न आपल्यापुढें ठेवून पुढें जाते.

कादंबरी आणि मालिका यांत एक महत्त्वाचा फरक आहे. कादंबरीचा नथू मध्येंच दृष्टीआड होतो, आणि तो मेल्याची गोष्ट अखेरीस जातां जातां कळते. ज्याला हत्यार म्हणून वापरलें त्याची आठवण कोणीहि ठेवीत नाहीं, हें त्या विस्मृतींतूनच सुचविलें आहे. निहलानींनीं मात्र नथू व त्याची गरोदर पत्नी कर्मो यांना कथेच्या शेवटपर्यंत नेलें आहे. निर्वासितांच्या छावणींत कर्मोला मूल होतें, तेव्हां दुरून दोन्ही बाजूंच्या धर्मघोषणा ऐकूं येतात. कादंबरीचा शेवट अधिक कठोर आहे: शांतता-समितीच्या मोटारींत पुढच्याच जागेवर बसून ऐक्याच्या घोषणा देणारा इसम दुसरा कोणी नसून डुक्कर मारविणारा तोच गृहस्थ असतो. मालिकेनें करुणा साधली आहे, कादंबरीनें उपरोध. म्हणून आमची सूचना अशी, कीं मालिका पाहिल्यावर कादंबरीहि वाचावी. तिची हिंदी सामान्य मराठी वाचकास सहज झेपण्यासारखी आहे.

आतां सावधगिरीचा एक शब्द. ‘तमस’ म्हणजे फाळणीचा संपूर्ण इतिहास नव्हे. लाहोर व दिल्ली येथील ज्या राजकारणाचा वर उल्लेख केला, तें येथें जवळजवळ नाहीं. साम्राज्यसत्तेच्या कारस्थानावर दिलेला भर पाहून आपल्या पक्षोपपक्षांची जबाबदारी हलकी झाली, असें कोणीं समजूं नये. दुसरें असें, कीं कथेंत दोष सर्व समाजांत वांटलेला दिसतो. प्रत्यक्षांत मार्चमध्यें रावळपिंडीच्या खेड्यांत बळी पडले ते मुख्यतः शीख व हिंदू होते. ह्यावरून लेखकानें सत्य झांकलें असा आरोप करण्याचा मोह कोणास होईल. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टनंतर पूर्व पंजाबांत मुसलमानांवर तोच प्रसंग गुदरला, हेंहि तितकेंच सत्य आहे. एक कोटीहून अधिक माणसें बेघर झालीं. मृतांच्या संख्येचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. कादंबरी हा जिल्ह्याचा जमाखर्च नव्हे. कादंबरींतच निर्वासितांकडून केवळ आंकडे मागणारा एक कारकून आहे. कोणाचें काय गेलें तें सांगा, बाकीचें सांगूं नका, असा त्याचा आग्रह. त्याच्या वहींत जें मावत नाहीं, तेंच ह्या कथेंत आलें आहे. आंकड्यांकरितां इतिहासाचे ग्रंथ आहेतच, आणि तेहि वाचले पाहिजेत.

ह्या मालिकेवर दूरदर्शनच्या वेळींच मोठें वादळ उठलें होतें. जुन्या जखमा उघड्या होतील, पुन्हां द्वेष पेटेल, असें म्हणून ती बंद करण्यासाठीं प्रकरण न्यायालयांत गेलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं मालिका स्वतः पाहिली आणि बंदी नाकारली. पुढें १६ फेब्रुवारी १९८८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानें जी कसोटी स्वीकारली, ती नागपूरच्या उच्च न्यायालयांत असतांना न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं घालून दिलेली होती. शब्दांचा परिणाम ठरवावयाचा तो दुबळ्या मनाच्या, जिकडे तिकडे संकट पाहणाऱ्या माणसावरून नव्हे, तर विचारी, खंबीर व धीराच्या माणसावरून, असा तिचा आशय आहे. आमच्या मतें ही कसोटी केवळ न्यायालयांची नाहीं. ती घरांनाहि लागू आहे.

कारण हा आक्षेप आजहि घरोघरीं, सौम्य शब्दांत, ऐकूं येतो. मुलांना असलें कशाला दाखवावें, तें सर्व होऊन गेलें, असें वडीलधारीं माणसें म्हणतात. लहान मुलांपुरतें तें मान्य आहे. ह्यांतील कित्येक प्रसंग त्यांच्या डोळ्यांस सोसणारे नाहींत. परंतु कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींपासून हा इतिहास लपविला, तर तो त्यांना कळणार नाहीं असें नव्हे. तो निम्मा कळेल, आणि जो निम्मा द्वेषाच्या कामाचा असेल तेवढाच नेमका त्यांच्या कानीं पडेल. त्यापेक्षां त्यांनीं तो आपल्याबरोबर बसून पाहावा, रोज एक भाग याप्रमाणें पाहावा, आणि प्रत्येक भागानंतर एवढेंच विचारावें, कीं येथें कोण थांबूं शकला असता. अत्तरविक्याला मारणारा पोर त्यांच्याच वयाच्या आसपासचा आहे. तोहि एका सुशिक्षित गुरूच्या हाताखालीं तयार झाला. राजोनें दार उघडलें, तेव्हां तिला कोणी शिकविलेलें नव्हतें. दार ठोठावल्याचा आवाज आला असतां आपल्या घरांत कोण उठेल, हें मुलांनीं आणि वडिलांनीं एकमेकांना एकदां विचारावें. त्याकरितां तरी ही मालिका पाहावी.