पाचवीची रात्र आणि नवं पातं

आमच्याकडे पाचवीच्या रात्री पाट्यावर सटवाई मांडतात. शेजारी कोरा कागद, लेखणी, तेवता दिवा आणि विळा. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. १९६६ साली, मी नऊ वर्षांची असताना, माझ्या भावाची पाचवी अशीच झाली. सहाव्या दिवशी त्याने दूध ओढायचं सोडलं. जबडा घट्ट मिटला. आईने हात लावला की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. दार उघडून उजेड आत आला तरी झटका यायचा. आठव्या दिवशी तो गेला.

"सटवाईनं एवढाच लिवलान व्हता गो," आजी म्हणाली आणि ओसरीवर जाऊन बसली.

आजी सुईण होती. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या अंगाला असलेल्या आमच्या पाड्यांवर अर्धी पोरं तिच्याच हातावर जन्मली. भावाची नाळही तिनेच कापली होती, विळ्याने. करगोट्याच्या दोऱ्याने बांधली आणि वर चुलीतली राख दाबली. त्या चुलीत गोवऱ्या जळायच्या. ती राख थंड झाल्यावर कुठे सांडत होती, तिच्यावरून कोण चालत होतं, हे बघायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढे १९७७ मध्ये मी नर्सिंगला गेले. वर्गात ट्यूटरबाई नवजात बाळाचा धनुर्वात शिकवत होत्या. दूध ओढणं थांबतं, जबडा मिटतो, स्पर्शाने नि उजेडाने झटके येतात. मी वहीत उतरवत होते आणि मधेच पेन थांबलं. या जंतूंचे बीजाणू गुरांच्या शेणात आणि मातीत असतात. ते इतके चिवट, की नुसत्या उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. ताज्या नाळेची जखम म्हणजे त्यांना उघडं दार. विषाला चढायला काही दिवस लागतात, म्हणून बाळ पाचवीपर्यंत छान असतं. सटवाईवर आळ येतो तो तिथे.

सुट्टीत घरी गेले, पण आजीला काही बोलले नाही.

बोलायला तोंडही नव्हतं म्हणा. शिकत असतानाच उल्हासनगरच्या एका दवाखान्यात मी काही दिवस काम केलं. दुसऱ्या महायुद्धातली ती लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. दवाखान्यात काचेची सिरिंज सकाळी एकदा ट्रेमध्ये उकळायची आणि दुपारपर्यंत तीच चालवायची. बदलायची ती फक्त सुई. रांग बाहेर रस्त्यापर्यंत. काविळीचा एक प्रकार याच वाटेने पसरतो हे पुस्तकात होतं, आणि पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मग अडाणी कोण, आजी की मी?

व्हिएन्नातल्या सेमेलवाइसची गोष्ट वाचली तेव्हा मला हेच आठवलं. तिथे बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते, एक डॉक्टरांचा आणि एक सुईणींचा. सुईणींकडे बायका कमी मरत. डॉक्टर मंडळी प्रेतं चिरून थेट बाळंतिणीकडे येत. १८४७ च्या मे महिन्यात त्याने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा जणी गेल्या होत्या, जूनमध्ये दोन. त्याने मोजलं, म्हणून कळलं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांना आपल्या हातांवरचा हा आरोप पचला नाही. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला.

त्याच १८६५ मध्ये आमच्या शेजारच्या कल्याणात यमुना जोशी जन्मली. पुढची डॉक्टर आनंदीबाई. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली आणि दहा दिवसांत बाळ गेलं. कल्याण स्टेशनवरून जाताना मला नेहमी ते दहा दिवस आठवतात. त्या दुःखातून ती अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये एम.डी. झाली, आणि बाळंतशास्त्रावरच तिने प्रबंध लिहिला.

माझी नेमणूक गावाकडच्या उपकेंद्रात झाली आणि सुईणींचं शिबिर घ्यायची पाळी आली. पहिल्या ओळीत आजी. मी शिकवत होते: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं नवं, दोरा स्वच्छ, नाळेवर काही लावायचं नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली की तिचं संरक्षण पोटातल्या बाळालाही मिळतं. बाकीच्या बायका हसत होत्या, कालची पोर आपल्याला शिकवते म्हणून. आजी हसत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत तिने मला बाजूला घेतलं. "मंग आपला पोर… माज्या विळ्यानं गेला?"

"तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, आजी," मी म्हणाले.

हे खोटं होतं. कितासातोने हा जंतू १८८९ मध्येच वेगळा काढून दाखवला होता. माहीत होतं, फक्त बदलापूर स्टेशनच्या पुढे आलेलं नव्हतं. आमच्या पाड्यापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

१९८५ नंतर लसीकरणाने जोर धरला. १९९९ मध्ये गडचिरोलीच्या बंग दांपत्याने खेड्यातल्या बायकांकडून घरोघरच्या बाळांची नोंद ठेवून दाखवून दिलं की त्याच बायका नवजातांचे निम्म्याहून जास्त मृत्यू टाळू शकतात. २०१५ मध्ये देशातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी. मी तेव्हा घरी बसलेली होते. बातमी दोनदा वाचली.

शिबिरानंतर आजीने पुष्कळ बाळंतपणं केली. दर वेळी माझ्याकडून नवं पातं मागून न्यायची आणि पुडीचा कागद उलटसुलट करून बघायची. हात धुतले की लुगड्याला पुसायचे नाहीत, असं मी एकदाच सांगितलं होतं. ती ओले हात खांद्याइतके वर धरून वारा लागेपर्यंत दारात उभी राहायची. पाचवीला मात्र पाट्याशेजारी विळा ठेवू द्यायची नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "बोथाट झालाय त्यो."

विळा बोथट नव्हता. भाताच्या कापणीला तोच चालायचा.