माणदेशातला मातीविना चारा

२०१२ साली पावसानं ओढ दिली आणि माण नदीच्या दोन्ही अंगांना वैरण उरली नाही. माझं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, सासर सांगलीच्या आटपाडीतलं. जिल्हे दोन, पाऊसमान एकच. कडब्याच्या गंजी उन्हाळ्याआधीच संपल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं जनावरांची छावणी चालवली, गावोगाव सरकारी अनुदानावरच्या छावण्या पडल्या. ऊसपट्ट्यातून वाडं ट्रकनं यायचं. खरसुंडीच्या यात्रेत ज्या खिलारांचे सौदे होतात, तीच खिलारं छावणीच्या दावणीला उभी राहिली. छावण्यांवर पुष्कळ लिहून आलं. त्याच दुष्काळात गोठ्यांच्या आडोशाला मातीविना चारा उगवणाऱ्या बांबूच्या मांडण्या उभ्या राहिल्या, त्यांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

मातीविना रोप वाढतं हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. इंग्लंडात जॉन वुडवर्डनं १६९९ साली नुसत्या पाण्यात पुदिना वाढवला होता. कॅलिफोर्नियात गेरिकेनं टोमॅटो वाढवून १९३७ मध्ये या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ केलं. आपल्याकडे शोल्टो डग्लसनं १९४६ पासून कालिम्पाँगच्या बाजूला स्वस्तातले प्रयोग केले. चाऱ्यासाठीची यंत्रं मात्र वातानुकूलित आणि लाखांच्या घरातली. ती दोन-चार गाईंच्या घराला परवडणार कशी? फलटणच्या गोविंद डेअरीसारख्यांनी कमी खर्चाची रीत दूध उत्पादकांत पसरवली. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी सातारा जिल्ह्यातल्या गोठेवाल्यांचे अनुभव आपल्या लेखनात नोंदवले. मला त्याचा अभिमान वाटतो.

आमची मांडणी अशी होती. बांबूची चौकट, आडव्या कामट्या, वर आणि तिन्ही बाजूंनी शेडनेट. प्लास्टिकच्या ट्रेला खिळा तापवून भोकं पाडलेली. मका निवडायची, फुटकी काढायची, धुवायची, चार तास भिजवायची, मग ओल्या गोणपाटात बांधून मोड आणायचे. मोड आलेली मका ट्रेत बोटाच्या पेराइतकी पसरायची. पाठीवरच्या फवारणी पंपानं दर दोन-तीन तासांनी नुसतं पाणी मारायचं. खत नाही, औषध नाही. मुळं एकमेकांत गुंतत जातात आणि आठव्या दिवशी वीतभर उंचीची हिरवी गादी अख्खीच्या अख्खी उचलून निघते. मुळांसकट, दाण्यासकट गाय ती खाते.

गावात हे शिकवायला आलेल्यांना वाटत होतं, बायकांना जमायला वेळ लागेल. तसं झालं नाही. दरवर्षी आश्विनात आमच्याकडे घट बसतात. परडीत शेतातली माती, त्यात गहू, जोंधळा, करडई, हरभरा, मधोमध पाण्याचा घट. देवघराच्या अंधारात पिवळसर धान वाढतं आणि दसऱ्याला पुरुषांच्या टोपीत खोवलं जातं. ओल किती ठेवायची, दाणा कुजायला लागला की वास कसा येतो, हे त्या परडीनं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. सासूबाई ट्रेवर हात फिरवून सांगायच्या, “लई पानी घालू नगंस, बुरा चडंल.” बुरशी हाच या चाऱ्याचा खरा शत्रू. परडीतलं धान असो की ट्रेतली मका, पहिले आठ दिवस रोप दाण्यातल्या शिदोरीवरच जगतं, म्हणून खत लागत नाही.

तेव्हा एक गोष्ट फुगवून सांगितली गेली. एका किलो मक्याचा दहा किलो चारा होतो, असं ऐकायला मिळायचं. साध्या मांडणीत पाच-सहा किलो पकडावा, आणि त्यातलं वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचं. कोरडा अंश मूळ दाण्यापेक्षा वाढत नाही, उलट थोडा घटतो. कडब्याची जागा हा चारा घेऊ शकत नाही. पण किलोभर चाऱ्याला दीड ते तीन लिटर पाणी पुरतं. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत कोरड्या भुशाबरोबर गाभण गाईच्या तोंडी काही हिरवं पडलं, त्याचं मोल केवळ किलोच्या हिशेबात बसत नाही.

पुढे टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीत आलं. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून उचलून इथवर आणायला किती वर्षांचा लढा लागला, तो वेगळा विषय आहे. पाणी आलं तशी मका शेतात उभी राहिली, मुरघासाच्या पिशव्या आल्या आणि आमच्या आळीतल्या मांडण्या एकेक करून मोडल्या. हे चांगलंच झालं. दर दोन-तीन तासांच्या पाण्यानं बाईमाणसाला शेताचं दुसरं काम सुचत नसे.

२०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा छावण्या पडल्या, तेव्हा टेंभूचं पाणी न पोचलेल्या वाड्यांतल्या सुना मापं विचारायला आल्या. त्यांना आधी एकच सांगितलं: बियाण्याच्या दुकानातली औषध चोळलेली मका आणू नका, जनावराला विषबाधा होईल. घरची किंवा बाजारातली खायची मका घ्या, आणि ती उगवते का ते मूठभर दाणे भिजवून बघा.